अप्पांची तीन सेलची बॅटरी

रविवार, २५ मे. रात्री अडीचला नळाला पाणी आलं आणि पाचव्या मिनिटाला लाइट गेली. सोलापूरकरांना यापुढचं सांगायला नको. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी, तेही कोणत्या वेळेला येईल त्याचा नेम नाही. आलं की आधी हौद, मग हंडे-कळशा, मग दिसेल ते भांडं. मी मोबाइलची लाइट लावून तो दातात धरला आणि हौदाचा कॉक फिरवायला गेले. मोबाइल सुटला. हौदात गेला नाही, कठड्यावर आपटला, एवढंच नशीब. काच गेली ती गेलीच.

आतून अप्पांचा आवाज आला, "माझी बॅटरी काढ की कपाटातली."

माझे वडील विद्युत मंडळात वायरमन होते. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. नोकरी लागल्यावर दुसऱ्या पगारातून घेतलेली त्यांची तीन सेलची बॅटरी म्हणजे पितळी नळकांडं, वर निकेलचा मुलामा, फुटभर लांब. पावसात खांबावर चढताना ती त्यांच्या पट्ट्याला लटकलेली असायची. गेली दहा-बारा वर्षं कपाटात पडून होती. काढली, बटण सरकवलं, काही नाही. हलवली तर आत काही हललंही नाही. वाईट लक्षण ते.

त्या रात्री मेणबत्तीवर भागवलं. सकाळी मी म्हटलं, नवीन आणते, चार-पाचशेला चांगली मिळते. अप्पा काही बोलले नाहीत. बॅटरी धोतराच्या सोग्याने पुसत बसले. मग मीच म्हटलं, बघू या हिचं काय होतंय ते. तोवर मी आयुष्यात सोल्डरिंगची कांडी हातात धरलेली नव्हती. मी कॉलेजच्या ऑफिसात फायली सांभाळते. घरी अशी जुनी बॅटरी असलेल्या आणि 'एलईडी टाकून घेऊ' असं म्हणणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. दीड महिना लागला. एका रविवारचं काम आहे असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडून करून घ्या.

पहिले दोन दिवस नुसतं उघडण्यात गेले. मागचं टोपण पक्कं धरलेलं. अप्पांनी सायकलची जुनी ट्यूब कापून टोपणाला गुंडाळली, दुसरी मला नळकांड्याला गुंडाळायला दिली, आणि दोघांनी दोन दिशांना पिळलं. तिसऱ्या झटक्याला सुटलं. आतून पांढरट-हिरवी भुकटी सांडली. शेवटचा सेल फुगून नळीला चिकटलेला. कोमट पाणी, लाकडी दांडा आणि संयम. स्क्रू-ड्रायव्हरने ठोकू नका, नळीला आतून पोचा आला की नवा सेल जाणार नाही.

इथे आमचं पहिलं भांडण झालं. अप्पा म्हणाले लिंबू लाव, पितळ आहे. मी वाचलं होतं ते वेगळं. आपल्याकडच्या बॅटऱ्यांत जे साधे, स्वस्त सेल असतात ते झिंक-कार्बनचे. त्यातून गळतं ते आम्लधर्मी. त्यावर लिंबू म्हणजे आगीत तेल. त्याला खायच्या सोड्याचं पाणी लागतं. अल्कलाइन सेल गळला तर मात्र उलटं, तिथे लिंबू किंवा व्हिनेगर. म्हणून आधी सेलवर काय लिहिलंय ते वाचायचं. आमच्या सेलवरचं लेबल कळकून गेलं होतं, पण अप्पांनी अल्कलाइन सेल कधी घेतलेच नव्हते, त्यामुळे सोडा. दात घासायच्या जुन्या ब्रशने घासलं, धुतलं, आणि मेच्या उन्हात गच्चीवर ठेवलं. तासाभरात कोरडं.

टोपणाच्या आत एक छोटा कप्पा होता आणि त्यात कापसात गुंडाळलेला जादा बल्ब. अजून शाबूत! अप्पांनी तो हातात घेऊन उजेडाकडे धरला, तार बघितली आणि परत ठेवून दिला.

याच दिवशी मी एक चूकही केली. पुढचा आरसा, म्हणजे तो चकचकीत वाडगा, धुळीने माखला होता म्हणून ओल्या फडक्याने पुसला. त्याच्यावरचा चांदीसारखा थर फार नाजूक असतो. एक बोटभर ओरखडा आला, तो आता कायमचा. हवेचा फुगा मारून धूळ उडवा, हात लावू नका.

शनिवारी, ३१ मे रोजी नवी पेठेत गेले. पहिल्या दुकानात म्हटलं, "बॅटरीत एलईडी टाकायचाय." तो म्हणाला, "गाडीची का इन्व्हर्टरची?" आपण टॉर्चलाही बॅटरी म्हणतो आणि बॅटरीलाही बॅटरी. आमच्या आत्याच्या गावात सेलला अजून 'मसाला' म्हणतात, ते बरं वाटायला लागलं. दुकानात टॉर्च म्हणा, काम लवकर होतं.

तिसऱ्या दुकानात जुन्या बल्बच्या जागी सरळ बसणारा एलईडी बल्ब मिळाला, चाळीस रुपये. घरी आणून नवे तीन सेल टाकून लावला. लागला. उजेड निळसर, पसरट, दहा पावलांवर संपलेला. अप्पांनी अंगणातल्या पेरूच्या झाडावर मारून बघितला आणि म्हणाले, "ह्याच्यात खांबावरचा जंपर दिसंल का?" नसता दिसला, दोन तारा जोडणारा तो वायरचा तुकडा. कारण साधं आहे. जुना बल्ब तारेच्या एका बिंदूतून सगळीकडे उजेड फेकतो आणि वाडगा तो गोळा करून पुढे पाठवतो. त्या वाडग्याच्या एका ठरावीक बिंदूवरच तार असावी लागते. हा एलईडी बल्ब त्या बिंदूच्या बराच पुढे येत होता. ज्यांना फक्त हौदावर उजेड पाहिजे त्यांनी मात्र इथेच थांबावं, चाळीस रुपयांत काम होतं.

आम्ही थांबलो नाही.

आता सेल. बाजारात रिचार्जेबल म्हणून जे दिसतं त्यात दोन जाती महत्त्वाच्या. एक लॅपटॉपमधला १८६५० नावाचा लिथियम-आयन. जाडी १८ मिमी, लांबी ६५, व्होल्टेज ३.७, भरल्यावर ४.२. दुसरी लिथियम आयर्न फॉस्फेट, सोलर पथदिव्यात असते ती. व्होल्टेज ३.२, भरल्यावर साधारण ३.६. हिच्यात ३२७०० नावाचा जाडा सेल येतो, ३२ मिमी जाड, ७० मिमी लांब. जुना मोठा सेल ३४ मिमीचा, त्यामुळे हा त्याच नळीत जवळजवळ नेमका बसतो, कागदाचे दोन वेढे दिले की खुळखुळत नाही. शिवाय ही जात तापली, चेपली तरी लिथियम-आयनइतकी चटकन पेट घेत नाही. सोलापूरचा उन्हाळा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा मालक धरून मी हीच ठरवली.

३ जूनला ऑनलाइन मागवला, सहा हजार एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेल किती वीज साठवतो त्याचं माप), ३१० रुपये. लिथियम सेल विमानाने पाठवायला बंधनं असतात म्हणून विक्रेत्याने रस्त्याने पाठवला. १२ जूनला आला, नऊ दिवसांनी. दिसायला निळा, गुळगुळीत. हातात घेतला आणि वाटलं, हलका आहे. शनिवारी शेजारच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. ९६ ग्रॅम. ह्या मापाचा खरा सेल १४० ग्रॅमच्या आसपास भरतो. तरी एकदा पूर्ण भरून, ठरावीक करंटवर किती तास चालतो ते मोजलं, तीन हजारही भरला नाही.

सेल परत घ्यायला विक्रेता तयार नाही. 'बॅटरी हा परत न घेण्याचा माल आहे' असं १८ तारखेला लेखी उत्तर. दुसऱ्या दिवशी मी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. हे फोनवर करता येतं, पोर्टलवरही. मी पोर्टल निवडलं, कारण तिथे कागद जोडता येतात. माझ्याकडे होतं ते असं: जीएसटीचं पक्कं बिल, ऑर्डर नंबर, काट्यावर ठेवलेल्या सेलचा फोटो ज्यात वजन आणि सेलवर छापलेला आकडा दोन्ही दिसतात, आणि नकाराचं ते उत्तर. डॉकेट नंबर मिळतो, तो जपून ठेवायचा. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. तेवढ्यानेही काम झालं. ५ जुलैला पैसे खात्यात आले, सेल परत मागितला नाही. ३१० रुपयांसाठी एवढं कशाला, असं ऑफिसात दोघा-तिघांनी विचारलं. मलाही मधे एकदा तसंच वाटलं होतं, पण फॉर्म अर्धा भरून झाला होता.

दरम्यान, १६ जूनला सोलर पथदिवे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात गेले आणि दोन मिनिटांत खरा सेल मिळाला. १४३ ग्रॅम, २४० रुपये. नऊ दिवस वाट बघून खोटा आणण्यापेक्षा हे आधी सुचायला पाहिजे होतं. त्या दुकानदाराने चार्जिंगची पाटी, म्हणजे सेल भरणारं छोटं सर्किट, म्हणून मला टीपी ४०५६ द्यायला काढली, "लिथियम ते लिथियम, अक्का, सगळं एकच." एकच नाही. ती पाटी ४.२ व्होल्टपर्यंत भरते, आणि हा सेल ३.६ ला थांबला पाहिजे. ह्या एका गोष्टीसाठी तरी हे लिखाण जपून ठेवा. मी टीपी ५००० मागितली, त्याच्या मागच्या खणात निघाली, १३० रुपये. हिच्यावर एक बारीक जोड असतो, त्यावरून ४.२ की ३.६ ते ठरतं. पहिल्यांदा चार्ज पूर्ण झाल्यावर मीटर लावून खात्री करा. माझी ३.६ लाच थांबली.

आता खरा गुंता. मी साडेतीनशेचा मल्टिमीटर, २५ वॅटची कांडी आणि २५ रुपयांचा तीन वॅटचा एलईडी घेऊन जेवणाच्या टेबलावर बसले. एलईडी सेलला सरळ जोडायचा नसतो, तो वाटेल तेवढा करंट ओढतो. मधे करंट बांधून देणारी चिप लागते. मी एएमसी ७१३५ घेतली, एक चिप ३५० मिलिअँपिअर बांधून देते. दोन समांतर लावल्या की ७००. वीस रुपयाला एक, चार घेतल्या. (दोन जास्तीच्या घ्या. कारण पुढे येईल.)

७०० यायला पाहिजे होते, आले ३१०. जोड पुन्हा केले. ३१०. चिप बदलली. ३१०. रात्रीचे साडेदहा झाले होते, मी रडकुंडीला आले होते. अप्पा पलीकडे शेंगाचटणी-भाकरी खात होते. म्हणाले, "व्होल्टचा हिशेब मांड. लाइन लांब असली की शेवटच्या घरात बल्ब पिवळाच लागतो."

मांडला. सेल देतो ३.२. चिपला स्वतःला साधारण ०.१२ लागतात. उरले ३.०८. आणि माझा स्वस्तातला एलईडी ७०० मिलिअँपिअर घ्यायला मागत होता जवळजवळ ३.४. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ३.७ वाल्या सेलवर हाच एलईडी धावला असता. माझा सेल सौम्य, म्हणून एलईडीही कमी व्होल्टवर चालणारा हवा.

मग अप्पा उठले. मीटरची एक पिन मागच्या स्प्रिंगला आणि दुसरी बल्बच्या बुडाच्या पत्र्याला लावायला सांगितली, बटण चालू, करंट वाहतोय. ०.१५ व्होल्ट, म्हणजे एवढे बॅटरीच्या धातूतच मुरत होते. "तीनशेला दीड दशांश, म्हणजे अर्धा ओहम. सातशेला साडेतीन दशांश खाईल ही." चाळीस वर्षं वायरी ओढलेल्या माणसाला कागद लागत नाही. जुना बल्ब फक्त तीनशे मिलिअँपिअर घ्यायचा आणि साडेचार व्होल्ट पाठीशी असायचे, म्हणून बटणावर चढलेला कळंक कधी कळलाच नाही.

दोन दिवस अप्पांनी फक्त तेच काम केलं. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने बटणाची तांब्याची पट्टी, टोपणाचे आटे, स्प्रिंगचं टोक. मी स्प्रिंगच्या आतून विणलेल्या तांब्याच्या वायरचा एक तुकडा वरपासून खालपर्यंत सोल्डर केला, म्हणजे करंट पोलादी वेटोळ्यांतून न फिरता सरळ जातो. पुन्हा मोजलं तेव्हा अर्ध्या ओहमवरून ०.१ ओहमवर आलं होतं. मला वाटलं होतं एलईडी हेच मुख्य काम आहे. निम्मा उजेड ह्या पॉलिश पेपरने दिला.

एलईडी पुण्याहून आला. माझा भाचा तिथे शिकतो. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत जाऊन त्याने कमी व्होल्टवाला, दहा मिमीच्या गोल पत्रीवर बसवलेला एलईडी १२० रुपयांना घेतला आणि २२ जूनच्या रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसने येताना आणला. रंग मी मुद्दाम ४००० केल्व्हिनचा सांगितला होता. ६५०० चा निळट-पांढरा जास्त झगझगीत वाटतो, पण त्यात वाळका पाला आणि मातीचा रंग एकच दिसतो. चुलतभाऊ मोहोळकडे रात्रीच्या लाइटवर ज्वारीला पाणी देतो, त्याच्या म्हणण्याप्रमाणे घोणस अशा उजेडात पाऊल पडेपर्यंत दिसत नाही.

टेबलावर जोडला. ६९०.

पुढचा प्रश्न उष्णतेचा. सातशे मिलिअँपिअर म्हणजे दोन वॅट, त्यातला अर्ध्याहून जास्त भाग उष्णताच. ती जायला वाट पाहिजे, नाहीतर एलईडी स्वतःलाच भाजून घेतो. बल्बच्या जागी बेकेलाइट होतं, ते उष्णता धरून ठेवतं. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे अॅल्युमिनियमची चकती करून घ्यायला गेले, बॅटरीचं डोकं आणि कागदावर काढलेलं चित्र घेऊन. चकतीची कड डोक्याच्या आतल्या आट्यावर घट्ट बसेल, आणि मधे सहा मिमी उंच खांब, ज्याच्या माथ्यावर एलईडी. तो माणूस यंत्रमागाचे सुटे भाग करतो. चित्र उलटसुलट बघून म्हणाला, "हे कशाचं पार्ट म्हणायचं मॅडम?" टॉर्चचं म्हटल्यावर हसला, पण कॅलिपरने मापं तीनदा घेतली. शनिवारी, २८ ला दिलं, सोमवारी या म्हणाला. सोमवारी शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीची गर्दी, रस्ते बंद, मी गेलेच नाही. बुधवारी, २ जुलैला मिळाली. दीडशे रुपये.

गुरुवारी संध्याकाळी सगळं जोडून डोकं फिरवून बसवत होते. बटण बंद होतं. अचानक डाव्या हाताला, टोपणाकडे, ऊब जाणवली. वाटलं, मघाशी कांडी जवळ ठेवली होती म्हणून. मग ऊब चटका झाली. जळक्या वार्निशसारखा वास आला. टोपण सोडवायला गेले तर पितळ धरवेना. पदरात धरून दोन आटे फिरवले तेव्हा सेल सुटा झाला. स्प्रिंग काळी-निळी पडली होती. मी घातलेली विणलेली वायर अर्धी सुटून लोंबत होती.

झालं होतं ते असं. एलईडीच्या पत्रीचा धन टाका वाडग्याच्या भोकाच्या कडेला टेकला. वाडगा, डोकं, नळकांडं सगळं ऋण. बटणाचा संबंधच नाही, सरळ शॉर्ट. जुने सेल असते तर थोडे कोमट होऊन गप बसले असते. हा सेल मागाल तेवढे अँपिअर देतो.

अप्पांनी सगळं बघितलं आणि एकच विचारलं, "फ्यूज कुठाय?"

मला उत्तर नव्हतं. "फ्यूज टाकल्याबिगर लाइन चालू करायची नसती. एवढं तरी मला बघून शिकायचं होतंस."

तीन सेलच्या जागी एक सेल आल्यामुळे नळीत ११४ मिमी जागा रिकामी होती. तिथे मी एक इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा घातला होता, बाहेरून ३३ मिमी भरतो, जणू ह्यासाठीच केलेला. प्लंबरकडच्या उरलेल्या तुकड्याचे तीस रुपये लागले. त्याच्या पोटातून एक जाड तांब्याची वायर. ती कापून मधे तीन अँपिअरचा काचेचा फ्यूज बसवला, होल्डरसकट दहा रुपये. आणि धन टाक्याभोवती लेदरॉइडची चकती. वीज अडवणारा हा जाड कागद मोटर वाइंडिंगच्या दुकानात मिळतो, सोलापुरात अशी दुकानं गल्लोगल्ली. वीस रुपयांत वीस टॉर्च होतील एवढा दिला. ह्या दोन गोष्टी पहिल्या दिवशीच करा. आणि पहिल्यांदा सेल घालताना टोपण एक मिनिट हातात धरून बघा, गरम होतंय का.

रविवारी आषाढी एकादशी. अप्पांचा उपवास, माझाही. साबुदाण्याची खिचडी खाऊन बॅटरी पुन्हा जोडली, समोरच्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर मारली. मोठा गोल, आणि मधोमध काळं भोक. मेदूवड्यासारखं. म्हणजे एलईडी वाडग्याच्या त्या ठरावीक बिंदूच्या मागे राहिला. चकतीवरच्या खांबाच्या माथ्यावर उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट लावून अर्ध्या मिमीची तांब्याची चकती घातली. भोक लहान झालं. अजून एक. मिटलं, आणि मधे एक घट्ट, पिवळसर ठिपका आला. अप्पा गच्चीवर गेले. कोपऱ्यावरच्या खांबावर मारला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वरूनच म्हणाले, "चार नंबरचा इन्सुलेटर तडकलाय. सांगायला पाहिजे त्यांना."

वाटलं झालं. बुधवारी पुन्हा बंद.

अप्पांनी सेल चार्जिंगला काढला होता आणि परत घालताना उलटा घातला. जुन्या बल्बला उलटसुलट चालतं, त्यांच्या हाताला पन्नास वर्षांची तीच सवय. एक चिप गेली. जास्तीच्या दोन इथे कामी आल्या. मग पाइपच्या सेलकडच्या टोकाला लेदरॉइडच्या चार चकत्या एकावर एक चिकटवल्या, मधे भोक, आणि तांब्याचं टोक त्या भोकात जरा खोल. सेलची धन बाजू किंचित वर आलेली असते, ती भोकात शिरून टेकते. सपाट बाजू टेकतच नाही. आता उलटा घातला तर बॅटरी नुसती लागत नाही, मरत नाही.

नळकांड्याला भोक पाडून चार्जिंगची पिन द्यावी असं माझ्या मनात होतं, भाच्याच्याही. अप्पांनी हात आडवा केला. म्हणून सेल बाहेर काढूनच चार्ज करावा लागतो, रिकामा असला तर सहा-सात तास. तीही पाटी मी एका जुन्या साबणाच्या डबीत बसवून दिली आहे, आणि डबीवर मोठ्या अक्षरात 'फक्त निळा सेल' असं लिहिलंय.

१३ जुलैला सकाळी सातला चालू करून ठेवली. दुपारी तीनपर्यंत उजेडात डोळ्यांना कळेल असा फरक नाही. साडेतीननंतर मंदावत गेली. आठ तास पुष्कळ झाले. डोकं कोमट होतं, हात ठेवता येईल इतपत. उतरत्या सेलवर हा एलईडी आपोआप मिणमिणता होतो, ती खूण समजून सेल काढून घ्यायचा. रात्रभर तशीच विसरून सेल पार तळाला नेऊ नये.

खर्च विचारतात म्हणून: हत्यारं, म्हणजे मीटर, कांडी, सोल्डर वायर, फ्लक्स मिळून ६५०. आत बसलेल्या आणि जळलेल्या वस्तू आणि चार्जिंगची पाटी मिळून ७८०. फुकट गेलेला बल्ब आणि पहिला एलईडी ६५. एकूण १४९५. थर्मल पेस्ट भाच्याने दिली. एवढ्यात तीन नव्या टॉर्च आल्या असत्या, हे मला माहीत आहे, सांगू नका. जुने गळके तीन सेल एका बरणीत बंद करून ठेवले आहेत. कचऱ्याच्या गाडीत टाकवेनात.

गुरुवारी, १७ जुलैला पहाटे पावणेचारला पाणी आलं. लाइट होती, तरी अप्पा बॅटरी घेऊन हौदाशी उभे राहिले आणि कॉकवर, मग हौदाच्या तळावर, मग विनाकारण शेजाऱ्यांच्या नारळावर उजेड टाकत राहिले. पाणी भरून झाल्यावर ओट्यावर बसून टोपण उघडलं. मी घाबरून बघायला गेले, पुन्हा काय झालं म्हणून. ते कप्प्यातला कापूस चाचपत होते. जादा बल्ब होता तिथेच होता. टोपण लावलं, बॅटरी हातावर तोलली.

"हलकी झालीया," म्हणाले. "ह्याचं बघ काहीतरी."